कॉन्व्हेंट आणि ‘बाहेरची’ मुले

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी ‘पोरगं कॉन्व्हेंटला जातं’ असे कुणी सांगितले, तर ते ख्रिस्ती धर्मभगिनींकडे शिकते असा अर्थ घ्यायचा नसतो. ते इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जाते, एवढेच. शाळेच्या पाटीवर गजानन महाराजांचे किंवा सरस्वतीचे नाव, वर्गात हार घातलेली तसबीर, आणि नावाच्या शेवटी ‘कॉन्व्हेंट’. मूळ शब्दाचा अर्थ जोगिणींचा मठ. मठ गेला, जोगिणी गेल्या, शब्द मात्र राहिला आणि त्यात इंग्रजी भाषा येऊन बसली. शब्दांचे असे स्थलांतर सहज होत नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा एक व्यवहार आहे. कॅथलिक नसलेल्या आईबापांनी आपली मुले कॅथलिक शाळांत घालण्याचा. या व्यवहारात आईबापांना भीती कशाची होती आणि प्रत्यक्षात बदलले काय, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

भीती अर्थातच बाप्तिस्म्याची होती, आणि ती हवेतली नव्हती. मे १८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दोघेही जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतले विद्यार्थी. पारशी समाजात गहजब झाला, प्रकरण कोर्टात गेले, आणि पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. तो अज्ञान, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात उभी फूट पडली. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून झगडले, आणि त्यापायी त्यांनी शास्त्री मंडळींचा रोष ओढवून घेतला. शाळेत घातलेला मुलगा घरी परत येईल का, हा प्रश्न त्या पिढीला खरोखरच पडत होता.

पुण्यात हीच भीती पन्नास वर्षांनी पुन्हा उफाळली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढे पुण्याला आले. शिक्षणात धर्माचा आग्रह धरायचा नाही या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात बसली होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. कुणी बोलावले नव्हते, कुणी हाकललेही नाही. ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. धर्म शिकवला नाही, पण तो शिक्षिकेच्या अंगावर, तिच्या दिवसात, तिच्या उघड्या दारात दिसत राहिला, तर त्याला शिकवणे म्हणायचे का? हा प्रश्न त्या राजीनाम्यांनी सुटला नाही. आजही तो सुटलेला नाही.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि ती सहसा ध्यानात घेतली जात नाही. यांतली एकही संस्था कॅथलिक नव्हती. प्रॉटेस्टंट मिशनची शाळा मुळातच हिंदू, पारशी, मुसलमान मुलांसाठी निघत असे. ती मुले आली नाहीत, तर शाळा काढण्याचे प्रयोजनच उरत नसे. कॅथलिक शाळांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. ब्रिटिश फौजेतले आयरिश शिपाई, त्यांची पोरकी मुले, अँग्लो-इंडियन कुटुंबे, गोव्याहून मुंबईत येणारे कारकून, स्वयंपाकी, वादक आणि मुंबईचे मूळ रहिवासी असलेले ईस्ट इंडियन हा तिचा कळप. त्यांची मुले शिकायला प्रॉटेस्टंटांकडे गेली तर हातची जातील, ही बिशपांची चिंता होती. म्हणजे कॅथलिक शाळेचे पहिले काम बाहेरच्याला आत आणण्याचे नव्हते. आतल्याला बाहेर जाऊ न देण्याचे होते.

आयर्लंडहून लोरेटोच्या धर्मभगिनी १८४१ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरल्या. फ्रान्समधल्या ल्यों शहरातून निघालेल्या ‘जीझस अँड मेरी’ संघाच्या भगिनी १८४२ मध्ये आग्र्याला पोचल्या. मुंबईत माझगावचे सेंट मेरीज १८६४ चे, पुण्याच्या कॅम्पातले सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे, धोबीतलावाचे सेंट झेवियर्स १८६९ चे. ही ठिकाणे नकाशावर पाहिली तर गोष्ट उघड होते. छावणी, रेल्वे वसाहत, बंदर. जिथे कॅथलिक वस्ती, तिथे शाळा.

मग त्या शाळेत पारशी, भाटिये, खोजे, पाठारे प्रभू आणि सारस्वत मुले कशी आली? बोलावल्याशिवाय आली, फी भरून आली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली केली. अनुदानासाठी पाहिली जाई ती ऐहिक विषयांची पढाई. पाठोपाठ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आले आणि मॅट्रिकचा उंबरठा इंग्रजीचा झाला. जिथे इंग्रजी ही काही विद्यार्थ्यांची घरातलीच भाषा होती, अशी शाळा हाकेच्या अंतरावर असताना व्यवहारी माणूस दुसरीकडे कशाला जाईल? आणि शाळेलाही ही मुले हवी होती. स्वतःच्या कळपातली बरीच मंडळी गरीब. धर्मसंघांची जुनी रीत अशी की एका आवारात फी घेणारी शाळा आणि तिच्या बाजूला गरिबांची फुकट शाळा. पहिलीच्या पैशांवर दुसरी चाले. ‘बाहेरचा’ विद्यार्थी म्हणजे या हिशेबातली जमेची बाजू. त्याला ख्रिस्ती करण्याच्या भानगडीत पडून १८३९ सारखी शाळा रिकामी करून घेणे कुणालाच परवडणारे नव्हते. हा हिशेब मला पाद्र्यांच्या उदारतेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. उदारता माणसागणिक बदलते. हिशेब टिकतो.

या हिशेबातून शाळेच्या आत एक शिष्टाचार घडला. कॉन्व्हेंटात शिकलेल्या कुणालाही तो आठवेल. आठवड्यातून ठरलेल्या तासाला वर्ग दुभंगायचा. कॅथलिक मुले ‘कॅटेकिझम’ला, म्हणजे धर्मशिक्षणाला, उरलेली ‘मॉरल सायन्स’ला. उरलेल्यांत हिंदू, मुसलमान, जैन, पारशी, झालेच तर एखादा प्रॉटेस्टंटसुद्धा. खरे बोलावे, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, उष्टे टाकू नये असे त्या तासाला शिकवले जाई. गोष्टींतली मुले जॉन आणि मेरी असत, शिकवण मात्र आमच्या आजीने दिली असती तीच. सकाळची प्रार्थना ‘आमच्या स्वर्गातील बापा’ची असे. आम्ही ती पाठ म्हणायचो, तिचा अर्थ कुणी विचारला नाही, कुणी सांगितलाही नाही. मैदानाच्या कडेला दगडी गुहेत निळ्या पदराची मरियामाता उभी असे. परीक्षेच्या दिवशी तिच्यासमोर मेणबत्ती लावणाऱ्यांत आम्हीच जास्त. देवळात जाताना चपला काढायच्या, म्हणून तिथेही काढायच्या. कॅथलिक मैत्रिणी हसायच्या, सिस्टर कधी हसल्या नाहीत.

सगळे गोड होते असे नव्हे. माझ्या शाळेत मेंदी लावून आल्याबद्दल हातावर पट्टी बसलेली मला आठवते. श्रावणातल्या मंगळागौरीनंतरचा तो बुधवार होता. राखी मनगटावर चालेल की नाही, हे वर्गशिक्षिकेच्या मर्जीवर असे. कपाळाची टिकली प्रार्थनेपूर्वी काढायची आणि सुटल्यावर रिक्षात परत लावायची, हे आम्ही इतके अंगवळणी पाडून घेतले होते की त्यात काही गैर आहे हे मला कॉलेजात गेल्यावर उमगले. विचारले असते, तर शिस्तीचे कारण मिळाले असते. गळ्यातला क्रूस मात्र शिस्तीत बसत असे.

आता १९५४ कडे वळू. हा प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवरचा, आणि आपल्याकडे फारसा न आठवला जाणारा. नाशिकजवळ देवळालीला बार्न्स हायस्कूल ही अँग्लो-इंडियन शाळा. ती कॅथलिक नव्हती, अँग्लिकन परंपरेतली. पण तिच्या खटल्याने सगळ्याच मिशनरी शाळांचे भवितव्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे धोरण इंग्रजी मागे सारण्याचे होते. सरकारी क्रमात इंग्रजी आठवीपासून सुरू होई. ज्यांना ते मान्य नव्हते, ते आईबाप अँग्लो-इंडियन शाळांकडे वळले. ब्रिटिश मायदेशी गेले होते, पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबेही इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली होती, बाके रिकामी होत होती. बार्न्समध्ये एव्हाना जवळजवळ निम्मी मुले अँग्लो-इंडियन नव्हती.

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांखेरीज कुणालाही प्रवेश द्यायचा नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाई. हेतू देशी भाषांच्या वाढीचा, म्हणजे आपल्याला आज प्रिय वाटावा असाच. परिणाम असा की शाळेच्या दारात दोन आईबाप अडकले. एक भारतीय ख्रिस्ती फौजी अधिकारी, दुसरे एक हिंदू डॉक्टर. दोघेही शाळेच्या बरोबरीने कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयात सरन्यायाधीश छागलांच्या खंडपीठाने आदेश रद्द ठरवला. सरकार अपिलात गेले. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले, निकालपत्र न्यायमूर्ती एस. आर. दास यांचे.

युक्तिवाद मोठा रंजक आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २९(२) सांगतो की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कुणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही. सरकारचे म्हणणे, हे संरक्षण अल्पसंख्याकांपुरते. न्यायालय म्हणाले, अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द आहे, बहुसंख्याकही नागरिकच. शिवाय अनुच्छेद ३३७ होता. अँग्लो-इंडियन शाळांचे खास अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करत दहा वर्षांत बंद करायचे होते, आणि तोवर ते मिळण्यासाठी अट अशी की दरवर्षी किमान ४० टक्के जागा इतर समाजांतल्या मुलांना खुल्या ठेवाव्यात. म्हणजे घटना सांगते दार उघडा, आणि मुंबई सरकार सांगते दार लावा. अल्पसंख्याकांच्या शाळेने बहुसंख्याकांची मुले घेण्याचा हक्क मागावा आणि बहुसंख्याकांच्या सरकारने तो नाकारावा, असा हा उलटा खटला.

छागला स्वतः इस्माइली खोजा घराण्यातले. शिक्षण सेंट झेवियर्स हायस्कुलात आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. न्यायाधीशाचा निकाल त्याच्या शाळेवरून काढू नये हे खरे. पण त्या शाळेच्या बाकावर बसून गेलेला आणि बाप्तिस्मा न घेतलेला मुलगा उच्च न्यायालयाच्या सर्वोच्च खुर्चीत बसलेला असताना धर्मांतराची जुनी भीती त्या दालनात कितपत टिकली असती, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पुढे हेच छागला देशाचे शिक्षणमंत्री झाले.

बाहेरच्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न खुद्द रोमलाही सोडवावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावरचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. नव्या ख्रिस्तमंडळांच्या प्रदेशांतल्या, कॅथलिक नसलेली मुलेही जिथे शिकतात अशा शाळा चर्चला विशेष प्रिय आहेत, असे त्यात नमूद आहे. इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीचा जाहीरनामाही त्याच दिवशीचा. भारतातल्या शाळांनी जे शंभर वर्षे हिशेबापोटी केले होते, त्याला आता तत्त्वाचा आधार मिळाला.

धर्माचा प्रश्न असा बऱ्याच अंशी निवळला. भाषेचा चिघळला. आणि इथे आपली, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांची, गंमत आहे. ज्या जेझुइट संघाच्या शाळांत मुलांनी इंग्रजी आत्मसात केले, त्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात राहून ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. मराठीची इतकी मनोभावे स्तुती करणारा परदेशी माणूस दुसरा सापडणे कठीण. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, स्टीफन्सच्या धर्मबांधवांनीच चालवलेल्या कित्येक शाळांत मधल्या सुट्टीत मराठी बोलले की दंड पडे. आम्हाला चार आणे होते. आणि हा नियम पालकांच्या संमतीने चाले हे विसरू नये. पालकसभेत कुणी विचारले तर एवढेच की, घरी मुले अजून मराठीच बोलतात, काय करावे? बाप्तिस्म्याला घाबरणाऱ्या पणजोबांना हे दृश्य दाखवायला हवे होते. नातवंडाचा देव शाबूत, गणपतीची आरती पाठ, पण ‘सदुसष्ट’ म्हणजे किती ते विचारू नका.

सगळ्या कॅथलिक शाळा इंग्रजीच्या, हा समजही मोडायला हवा. संगमनेर, राहुरी भागांत कॅथलिक मिशनने ग्रामीण आणि मुख्यतः दलित मुलांसाठी मराठी शाळा चालवल्या. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय त्याच परंपरेतले. वसईत चर्चच्या आवारातल्या मराठी शाळांनी कॅथलिक आणि हिंदू शेतकऱ्यांची मुले एका बाकावर शिकवली. ज्या कॅथलिक समाजातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पोचले, त्या समाजाला ‘कॉन्व्हेंट’ या एका शब्दात कोंबणे हा आपला आळस आहे. ‘आपली मुले त्यांच्या शाळेत’ असे आपण बोलतो तेव्हा वसईचा मराठी कॅथलिक कोणत्या बाजूला उभा करायचा?

गोव्यात हा पेच राजकारणात उतरला. १९९० मध्ये तिथल्या सरकारने प्राथमिक अनुदान मातृभाषेतल्या, म्हणजे कोकणी-मराठी, शाळांनाच द्यायचे ठरवले. चर्चच्या बऱ्याच प्राथमिक शाळांनी तेव्हा माध्यम बदलून कोकणी केले. पण पालक कुरकुरत राहिले, आणि २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले. त्याविरुद्ध भारतीय भाषांच्या बाजूने आंदोलन पेटले. २०१२ मध्ये सत्तेवर आलेल्या पर्रीकर सरकारने अल्पसंख्याकांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच ठेवले, तेव्हा २०१६ मध्ये गोव्यातल्या संघातच फूट पडली. इंग्रजी मागणाऱ्यांत सगळे कॅथलिक नव्हते आणि मातृभाषा मागणाऱ्यांत सगळे हिंदू नव्हते. वर्तमानपत्रांनी मात्र सोयीसाठी तशी वाटणी केली.

आजचा हिशेब वेगळ्याच ठिकाणी अडला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रमती’ खटल्यात अल्पसंख्याकांच्या सगळ्या शाळा, अनुदानित आणि विनाअनुदानित, या कायद्यातून वगळल्या. घटनेच्या अनुच्छेद ३० चा तसा अर्थ लागतो, हे मान्य. परिणाम असा की गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या शाळेत डॉक्टर-वकिलांच्या हिंदू मुलाला जागा आहे, पण त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलासाठी राखीव जागा नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांबाहेरचे आहेत, आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत वंचित घटकांतली मुले ८.७६ टक्के. आयोगाचा सूर मला पटत नाही, आकडे मात्र विचारात पाडतात. बाहेरच्याच्या फीवर गरिबांची शाळा चालवायची, हा जुना सौदा कितीशा ठिकाणी उरला आहे?

काही ठिकाणी तो नव्याने केला गेला. कलकत्त्यात सियालदाच्या लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी १९७९ मध्ये मुख्याध्यापिका म्हणून आल्या. त्यांनी फी न भरू शकणाऱ्या मुलींची संख्या वाढवत वाढवत निम्म्यावर नेली, फुटपाथवरच्या मुलींना शाळेत येऊन शिकण्याची, पुढे राहण्याचीही सोय केली, आणि फी भरणाऱ्या मुलींना त्यांना शिकवण्याचे काम शाळेच्या वेळातच लावले. पालक शाळा सोडून पळाले नाहीत. २००७ मध्ये सिस्टरना पद्मश्री मिळाली. आपल्या मुलीने फुटपाथवरच्या मुलीला बाराखडी शिकवावी, यासाठी फी भरणारे पालक कलकत्त्यात मिळाले. पुण्या-मुंबईत किती मिळतील, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी तपासावे.

धर्माचा तणाव अलीकडे पुन्हा वर आला आहे. नाताळच्या कार्यक्रमांवर आक्षेप, आवारातल्या पुतळ्यांवर आक्षेप, धर्मभगिनींच्या वेषावरही आक्षेप. एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी सूचना जाहीर केल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळी राज्यघटनेची उद्देशिका म्हणावी, शाळेत सर्व धर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवावी. यातली पहिली सूचना घटनेत आधीपासून आहे. अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेशअर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जिथे सही करतो, तिथे आपण नेमकी कशाला संमती देतो हे किती पालक वाचतात? माझ्या वडिलांनी वाचले नव्हते. मीही माझ्या मुलाच्या वेळी वाचले नाही. प्रवेश मिळाला याच आनंदात होते.

या लेखाच्या निमित्ताने वसईतल्या एका चर्चच्या आवारात जाणे झाले. एका बाजूला मराठी शाळेची कौलारू इमारत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शाळेची चारमजली. मराठी शाळेत तीस वर्षे शिकवलेले एक निवृत्त गुरुजी बरोबर होते, स्वतः कॅथलिक. शाळा सुटायची वेळ होती. चारमजलीतून बाहेर पडणाऱ्या घोळक्यात त्यांची दोन नातवंडे होती. त्यांनी हाक मारली, मुलांनी इंग्रजीत उत्तर दिले. कौलारू इमारतीतून पोरे कमी आली, आली ती बहुतेक मजुरांची. त्यांतल्या एकीने गुरुजींना पाहून चप्पल काढली आणि वाकून नमस्कार केला. गुरुजींनी तिचे आडनाव विचारले, ते विदर्भातले निघाले. ‘तिकडं गावाला शाळा नव्हती का गं?’ त्यांनी विचारले. ती म्हणाली, ‘होती ना. पण ती कॉन्व्हेंट होती. फी लागायची.’